कोडॅक्रोमचे रंग कुठे होते?

फिल्मकडून डिजिटलकडे झालेला प्रवास आपण सहसा एका वाक्यात उरकतो : डिजिटल आले आणि फिल्म गेली. पण आमच्यासारखी काही माणसे आज दोन्ही वापरतात. नातवंडांचे वाढदिवस, जुन्या पोथ्यांची पाने हे सगळे डिजिटलवर. आणि वर्षाकाठी पाच-सहा रोल ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर. रंगीत स्लाइड मात्र आम्ही सोडली. लोक याला हौस म्हणतात. म्हणोत बापडे. पण काय उरले आणि काय गेले, याला इतिहास आहे, आणि तो कॅमेऱ्यापेक्षा रसायनांचा अधिक आहे.

डिजिटलची बाजू थोडक्यात सांगू. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत! १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ ला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून तो विकायला काढला, १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला. वृत्तपत्रांनी आधी उडी मारली. अंकाची वेळ गाठायची असते, तिथे रोल धुऊन वाळेपर्यंत कोण थांबणार?

आता कोडॅक्रोम बघा. १९३५ साली आलेली ही फिल्म म्हणजे लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोवस्की या दोन संगीतकारांची करामत. (अंधारात डेव्हलपिंगची वेळ ते ब्राम्सची धून शिट्टीवर वाजवून मोजत, असे सांगतात. गोष्ट छान आहे, एवढेच म्हणू.) इतर रंगीत फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्ये थरांतच घातलेली असतात. कोडॅक्रोममध्ये ती नव्हतीच. तिचे थर मुळात ब्लॅक अँड व्हाइट. निळा, हिरवा, लाल प्रकाश वेगवेगळ्या थरांत नोंदला जाई, आणि रंग धुताना, लॅबमध्ये, एकेका थरात भरले जात. हे काही घरच्या मोरीत होणारे काम नव्हे. त्याला मोठे यंत्र, जाणते रसायनतज्ज्ञ आणि रोजचे भरपूर रोल लागत. डिजिटलमुळे रोल आटले, तशा लॅब बंद पडत गेल्या. कोडॅकने २००९ मध्ये ही फिल्म बंद केली. अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी यांना दिला. त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत अमिताभ बच्चन यांच्या आणि राजस्थानात रबारी लोकांच्या काढल्या. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची शेवटची लॅब ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेत होती.

उलट, ब्लॅक अँड व्हाइटचा डी-७६ डेव्हलपर म्हणजे मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स. तेही न मिळाले तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांवर भागते. जिची किल्ली स्वतःच्या घरात होती, ती फिल्म टिकली.

आमच्या परिचयातल्या एका बाईंनी वडिलांच्या पश्चात कपाटात सापडलेला, न धुतलेला कोडॅक्रोमचा रोल आणला. असा रोल आता ब्लॅक अँड व्हाइट म्हणूनच धुता येतो. तसा धुतला. आई अंगणात उभी दिसली, साडीचे काठसुद्धा स्पष्ट. ‘रंग कोणता होता हो?’ बाईंनी विचारले.

हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे मडक्यावरून शिकवला. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असते. मातीत घडा आहे. नैयायिक म्हणतात, नाही, तो नव्याने उत्पन्न होतो, आणि त्याला कुंभार, चाक, दंड हवेत. सांख्यांच्या बाजूने म्हणावे तर तीन थरांत तीन रंगांची नोंद होतीच. पण धुतल्यावर तिन्ही नोंदी एकावर एक काळ्या चांदीतच उमटल्या. चाक मोडले होते आणि कुंभार पार्सन्समधून केव्हाच उठून गेला होता. आम्ही या बाबतीत नैयायिकांकडे झुकतो. बाईंना अर्थात यातले काही सांगितले नाही. त्यांनी तो प्रिंट मावशीला दाखवला. मावशी म्हणाली, जांभळी असावी. मग म्हणाली, नाही, मोरपिशी.