तिकिटाने उघडलेले दार : रॉक मैफलींच्या दरांची साठ वर्षे

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला. साडेपंचावन्न हजारांवर माणसे जमली. तिकीट साडेचार डॉलरपासून होते आणि सर्वांत महाग जागाही पावणेसहा डॉलरांच्या आतली होती. एका संध्याकाळचे उत्पन्न तीन लाख डॉलरांच्या वर गेले, आणि त्या काळी तो विक्रम ठरला. महागाईचा हिशेब धरला तर त्या दिवशीचे सर्वांत महाग तिकीट आजच्या सुमारे ५६ डॉलरांचे भरते. जगातल्या शंभर मोठ्या दौऱ्यांच्या तिकिटाची २०२४ सालची सरासरी मात्र सुमारे १३६ डॉलर आहे. म्हणजे बीटल्सच्या पहिल्या रांगेला जे पडले असते, त्याच्या दुपटीहून अधिक आज मधल्या जागेला पडते.

स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण जवळचेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्लंडचा वाद्यवृंद अहमदाबादला आला, तेव्हा बडोद्याच्या मराठी घरांतही तिकिटांचीच चर्चा होती. आजोबांना प्रश्न पडला होता, की गाणे ऐकायला एवढे पैसे का लागावेत? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साठ वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. ते गोळा करण्याचा हा प्रयत्न.

दरांबद्दलची कुरकुर रॉक संगीताइतकीच जुनी आहे. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. लॉस एंजेलिसला त्यांचे वरचे तिकीट साडेआठ डॉलरांचे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नामवंत समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी वर्तमानपत्रातून त्यांना झोडपले. ज्या तरुण पोरांच्या जिवावर तुम्ही मोठे झालात त्यांच्याच खिशात हात घालता, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. या टीकेला उत्तर म्हणून की काय, दौऱ्याच्या शेवटी, ६ डिसेंबरला, कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे त्यांनी विनामूल्य कार्यक्रम केला. सुमारे तीन लाख लोक लोटले. व्यवस्था नावाला नव्हती, आणि रंगमंचासमोरच एका तरुणाचा भोसकून खून झाला. फुकट कार्यक्रमाचाही खर्च असतो, आणि तो कोणीतरी, कोणत्यातरी रूपात चुकता करतो, हा त्या रात्रीचा कटू धडा होता.

तरीही पुढची वीस-पंचवीस वर्षे तिकिटे आवाक्यात राहिली. त्यामागे कलावंतांच्या औदार्यापेक्षा व्यवहार जास्त होता. खरी कमाई तबकड्यांतून होई आणि दौरा ही तबकडीची जाहिरात असे. तिकीट स्वस्त ठेवले की गर्दी जमे, आणि घरी जाताना पोरे दुकानातून तबकडी विकत घेत. जाहिरातीचे पैसे गिऱ्हाइकाकडून फार उकळायचे नसतात, एवढे शहाणपण त्या धंद्याला होते.

या घडीला पहिला मोठा धक्का १९८९ मध्ये बसला. तोपर्यंत प्रत्येक शहराचा आपला कंत्राटदार असे. आपल्याकडे नाटकांचे प्रयोग घेणारे कंत्राटदार गावोगाव असत, तशीच ही रीत. मायकेल कोल या कॅनडाच्या कंत्राटदाराने स्टोन्सचा अख्खा दौरा एकहाती उचलला, कोट्यवधी डॉलरांची हमी दिली आणि बिल ग्रॅहम यांच्यासारखा जुना जाणता माणूस बाजूला पडला. हमी एवढी मोठी की ती भरून काढायला प्रायोजक हवेत, बनियनपासून टोपीपर्यंत सगळे विकायला हवे आणि तिकीटही वाढायला हवे.

१९९४ मध्ये आणखी एक उंबरठा ओलांडला गेला. ईगल्स हा १९८० मध्ये फुटलेला वाद्यवृंद. पुन्हा एकत्र कधी येणार असे विचारल्यावर, नरक गोठेल तेव्हा, असे त्यांच्यापैकी डॉन हेन्ली सांगत. चौदा वर्षांनी ते एकत्र आले, दौऱ्याला त्याच उत्तराचे नाव दिले आणि तिकीट शंभर डॉलरांच्या पुढे नेले. ओरड झाली, पण जागा भरल्या. १९७६ मध्ये विशीत असलेला त्यांचा श्रोता आता चाळिशीत होता. त्याच्याकडे घर होते, नोकरी होती आणि तरुणपण दोन तासांसाठी परत मिळाले तर शंभर डॉलर मोजायची तयारी होती. जुन्या वाद्यवृंदांना आपल्या श्रोत्याचे वय कळले ते तेव्हापासून.

त्याच वर्षी उलट दिशेने एक झुंज झाली. पर्ल जॅम या सिॲटलच्या तरुण वाद्यवृंदाने आपले तिकीट वीस डॉलरांच्या आत ठेवायचे ठरवले. अडचण तिकीट विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीची होती. तिकिटावर ती आपले सेवाशुल्क लावी, आणि बहुतेक मोठ्या सभागृहांशी तिचे एकाधिकाराचे करार होते. पर्ल जॅमने अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी त्यांचे दोन वादक संसदेच्या समितीपुढे साक्षीला बसले. टिकेटमास्टरला टाळून त्यांनी दौरा काढून पाहिला. तेव्हा मोठी सभागृहे मिळेनात आणि आडगावची मैदाने शोधावी लागली. जुलै १९९५ मध्ये न्यायखात्याने चौकशी बंद केली. काही वर्षांत पर्ल जॅमही टिकेटमास्टरकडे परतले.

पुढची कथा कंपन्या गिळण्याची आहे. १९९६ पासून रॉबर्ट सिलरमन यांच्या एसएफएक्स कंपनीने अमेरिकेतल्या शहरोशहरीच्या कंत्राटदारांना एकेक करून विकत घेतले. २००० मध्ये ती कंपनी रेडिओ केंद्रांचे जाळे असलेल्या क्लिअर चॅनलने घेतली. त्यातून २००५ मध्ये लाइव्ह नेशन वेगळी झाली आणि २०१० मध्ये लाइव्ह नेशन व टिकेटमास्टर एक झाल्या. कार्यक्रमाचे कंत्राट, अनेक सभागृहांची मालकी आणि तिकिटांची विक्री एकाच छत्राखाली आली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने अनेक राज्यांसह या कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. पर्ल जॅमच्या साक्षीला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

परंतु सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. १९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि गाणी संगणकावरून फुकट फिरू लागली. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी या धंद्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेत सर्वसाधारण महागाई १७ टक्के वाढली, तर मैफलीचे सरासरी तिकीट ८२ टक्क्यांनी वाढले. यामागच्या एका कारणाला क्रूगर यांनी गायक डेव्हिड बोवी यांचे नाव दिले. संगीत यापुढे नळाच्या पाण्यासारखे किंवा विजेसारखे होईल, तेव्हा गायकांनो, दौऱ्यांची तयारी ठेवा, अशा आशयाचा इशारा बोवी यांनी २००२ मध्ये दिला होता. तसेच झाले. तबकडीची कमाई आटली आणि पूर्वी जाहिरात असलेला दौरा हाच मुख्य धंदा झाला.

जुन्या वाद्यवृंदांच्या बाबतीत त्यात वयाची भर पडली. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' वर्षानुवर्षे छापून येत, आणि आपण हसत तिकीट काढत असू. द हू या वाद्यवृंदाचा निरोपाचा दौरा १९८२ मध्ये झाला आणि त्यानंतरही ते कित्येक दौरे करत राहिले. पण हसण्यावारी नेले तरी काळ थांबत नाही. स्टोन्सचे तालवादक चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. वादक ऐंशीच्या घरात पोचले, की प्रत्येक दौरा शेवटचा असू शकतो, हे श्रोत्यालाही कळते आणि तिकीट विकणाऱ्यालाही. दर ठरवणाऱ्याच्या हातात याहून मोठे हत्यार नाही.

तिकिटाचा काळाबाजार हे दरवाढीचे आणखी एक समर्थन. पन्नासचे तिकीट बाहेर पाचशेला विकले जात असेल, तर मधले साडेचारशे दलालाने का खावेत, कलावंतानेच का घेऊ नयेत? वरकरणी बिनतोड वाटणाऱ्या या युक्तिवादातून मागणीप्रमाणे क्षणोक्षणी बदलणारे दर आले, विमानाच्या तिकिटासारखे. जुलै २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या दौऱ्याची विक्री उघडली आणि काही तिकिटे पाच हजार डॉलरांपर्यंत चढली. स्प्रिंगस्टीन म्हणजे कामगारांच्या, गिरण्या बंद पडलेल्या गावांच्या व्यथा गाणारा माणूस. त्यांच्या चाहत्यांसाठी १९८० पासून निघणाऱ्या 'बॅकस्ट्रीट्स' या नियतकालिकाने व्यथित होऊन काम थांबवले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ओएसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाची तिकिटे विक्रीला आली, तेव्हा तासन्‌तास रांगेत राहिलेल्यांना सुमारे दीडशे पौंडांच्या उभ्या जागेसाठी साडेतीनशेच्या वर आकडा दिसला. तिथल्या स्पर्धा-नियामकाला चौकशी करावी लागली.

हे अटळ होते का? २०२३ मध्ये द क्युअर या जुन्या वाद्यवृंदाने त्याचे उत्तर दिले. रॉबर्ट स्मिथ यांनी बदलते दर नाकारले आणि काही तिकिटे वीस डॉलरांना ठेवली. सेवाशुल्क तिकिटाच्या किमतीइतके झाल्याचे दिसताच त्यांनी जाहीर आवाज उठवला, आणि टिकेटमास्टरला काही रक्कम परत करावी लागली. कलावंताने मनावर घेतले तर दर काबूत राहतो, एवढे यावरून दिसते.

आपल्या देशात हे वारे उशिरा पोचले. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा वाद्यवृंद मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला, तो टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या सेवाभावी संस्थेच्या निमंत्रणावरून. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन मुंबईत आले, ते रॉकचे नव्हेत, पण गोष्ट तिकिटाचीच. त्या कार्यक्रमाला राज्य सरकारने करमणूक कर माफ केला आणि मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. सुमारे ३ कोटी ३३ लाखांची ती रक्कम आयोजकांना परत देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. तिकिटाच्या वादाने पंचवीस वर्षे घेतली. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स बंगळूर आणि मुंबईला, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू नवी मुंबईला आले. मग कोल्डप्ले. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री उघडली तेव्हा तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. ती काही वेळात संपली आणि पुनर्विक्रीत लाखांचे आकडे फिरू लागले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला त्यात लक्ष घालावे लागले.

आता आपल्या अंगणातला इतिहास. संगीताला तिकीट लावणे ही मुळात लोकशाहीची गोष्ट होती. गवई दरबारी असत, आणि दरबारात सामान्य माणसाला प्रवेश नसे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले, बडोद्यात राहिले आणि पुढे काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. चार पैसे देईल त्याला गाणे ऐकता येईल, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. संगीत नाटकाने तोच विचार गावोगाव नेला. नाटकगृहात पुढे धनिकांच्या खुर्च्या असत आणि पिटात हमाल, कारकून, विद्यार्थी दाटीने बसत. 'वन्समोअर'ची आरोळी बहुधा त्या पिटातूनच उठे. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा 'संयुक्त मानापमान' मुंबईत झाला, तेव्हा दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते. पण ते पैसे टिळक स्वराज्य फंडाला जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. चढ्या दराबद्दल कोणी रुसले नाही, कारण पैसा कुठे जातो हे उघड होते.

रॉकच्या मैफलीत रंगमंचाला खेटून उभे राहण्याची जागा एके काळी ज्याच्या अंगात धक्के खायची ताकद त्याची असे. आज बहुतेक ठिकाणी तीच महागड्या जागांपैकी एक आहे. पलुस्करांच्या काळी तिकिटाने दार उघडले. तेच तिकीट आता दाराशी पहारेकरी होऊन उभे आहे.

आमच्या मंडळातही दर वर्षी चर्चा होते. ध्वनिव्यवस्था, मांडव, कलावंतांचे मानधन, प्रवास सगळेच वाढले आहे, तेव्हा गणेशोत्सवातल्या मोठ्या कार्यक्रमाला तिकीट का लावू नये? तो आग्रह धरणाऱ्यांचा हिशेब खोटा नाही, आणि कलावंताला योग्य मानधन मिळालेच पाहिजे. आल्टामाँटचा धडा आहेच, की फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. पण १८९३ मध्ये लोकमान्यांनी ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यातले मेळे रस्त्यावर गात आणि ऐकणारा कोण हे कोणी विचारत नसे. म्हणून आमचे मत असे, की वर्गणी आणि जाहिराती जमेल तितक्या वाढवाव्यात, त्यांचा जमाखर्च सर्वांपुढे मांडावा, आणि तिकीट लावायचीच वेळ आली तर दर आधी जाहीर करून तो शेवटपर्यंत बदलू नये. पुढच्या काही रांगा मात्र विनामूल्य ठेवाव्यात, आणि त्या देणगीदारांसाठी नव्हे, तर जो आधी येईल त्याच्यासाठी. कारण उद्याचा गवई, वादक किंवा जाणकार श्रोता बहुधा त्याच गर्दीत, खिशात पैसे नसलेल्या एखाद्या मुलाच्या रूपाने बसलेला असतो.

गणपती बाप्पा मोरया!