पानेवाडी, २५ जानेवारी २०११ : टँकरमधल्या चोरीची किंमत

१/ टँकरमधून इंधन काढण्यास मोठे तंत्र लागत नाही. सील तोडून खालची तोटी उघडली की तेल आपल्याच भाराने उतरते. जेवढे काढले तेवढेच रॉकेल वरून ओतले, की मोजपट्टीवर पातळी पूर्ण दिसते.

२/ हा धंदा दरांच्या तफावतीवर पोसला गेला. गरिबांच्या स्टोव्हसाठी सरकार रेशनचे रॉकेल अनुदानाने देई. ते पेट्रोल-डिझेलहून कितीतरी स्वस्त असे. ओळखीसाठी त्यात निळा रंग मिसळत, परंतु तो घालवण्याच्या युक्त्या निघाल्या. २००६ साली रासायनिक मार्कर आला. २००८ च्या अखेरीस तोही बंद झाला.

३/ नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ, पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे नांदगावच्या रस्त्याने जात होते. एका ढाब्याजवळ टँकर उभे दिसताच त्यांनी गाडी थांबवून चौकशी आरंभली. तेथेच, भरदिवसा, त्यांना जिवंत जाळण्यात आले.

४/ दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ जानेवारीला राज्यातील लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. मग राज्यभर छापे पडले.

५/ छापे ओसरले, तफावत मात्र उरली. २०१६ पासून रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले आणि २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपले. भेसळीचा नफा आटला, तसे गरिबाचे स्वस्त रॉकेलही गेले. सोनवणे मात्र त्याआधीच, कर्तव्य बजावताना गेले होते.