तबकडीवरील ओरखडा

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं उघडून पाहिल्या असतील, त्यांना पोथीच्या शेवटीं लेखकानें घातलेली एक विनंती ठाऊक असेल. पोथी स्वतःच बोलत आहे अशी कल्पना करून तींत सांगितलेलें असतें, कीं मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. पोथ्यांचे दिवस गेले, पण ही विनंती जुनी झाली नाहीं. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें, ती वस्तु आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या एखाद्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेली असेल. मुलीच्या लग्नाचा समारंभ, वडिलांचें एखादें भाषण, आवडत्या गवयाची मैफल असें कांहीं तरी तींत सांठविलेलें असतें. ती वस्तु म्हणजे सी. डी., अर्थात् प्रकाशानें वाचली जाणारी तबकडी. तिच्यावर ओरखडे पडूनही ती कशी वाजते, आणि वाजेनाशी झाल्यास घरच्या घरीं काय करतां येतें, हें नीट समजण्यासाठीं तिचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

आवाज सांठवून ठेवण्याची विद्या एडिसननें १८७७ सालीं साध्य केली. फिरत्या नळकांड्यावर कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळून त्यावर त्यानें सुईनें आवाजाच्या खुणा उमटविल्या, आणि त्या खुणांवरून पुन्हां सुई फिरतांच यंत्र बोलूं लागलें. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें नळकांड्याऐवजीं सपाट तबकडी घेतली व ग्रामोफोनचा जन्म झाला. या तबकड्या पुढें लाखेच्या मिश्रणाच्या होऊं लागल्या, आणि ती लाख मुख्यत्वें हिंदुस्थानांतून जात असे. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या मुद्रणाच्या तबकड्या जर्मनींतील हानोवर शहरीं तयार होऊन इकडे आल्या. या शहराचें नांव लक्षांत ठेवावें, कारण आपल्या कथेंत तें पुन्हां येणार आहे.

लाखेच्या तबकडीचा मोठा दोष असा, कीं जें यंत्र तिला वाजवी तेंच तिला झिजवी. पोलादी सुई खांचेंतून घांसत जाई, आणि प्रत्येक वादनाबरोबर आवाजाचा कांहीं अंश कायमचा निघून जाई. त्यामुळें घरांत जी तबकडी सर्वांत आवडती, तीच सर्वांत आधीं खराब होई. हातांतून निसटली तर तिचे तुकडेच व्हावयाचे. १९४८ सालीं प्लॅस्टिकची दीर्घ वादनाची तबकडी निघाली. ती सहसा फुटत नसे. पण तिच्यावर ओरखडा पडला, तर सुई प्रत्येक फेऱ्यास त्यावर आपटे व गाण्याच्या मध्येंच टक् टक् असा आवाज होई. सुईचा स्पर्श आहे तोंवर ही पीडा टळणें शक्य नव्हतें.

म्हणून सुईच्या जागीं प्रकाशाचा किरण योजण्याचे प्रयत्न सुरू झाले. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीनें ८ मार्च १९७९ रोजीं आइंडहोव्हन येथें अशा लहान तबकडीचें प्रात्यक्षिक दाखविलें. नंतर जपानच्या सोनी कंपनीशीं मिळून तिचें प्रमाण ठरविण्यांत आलें, आणि १७ ऑगस्ट १९८२ रोजीं हानोवरजवळील लांगेनहागेन येथें विक्रीसाठीं पहिली तबकडी निघाली. गौहरजानच्या तबकड्या ज्या शहरांत तयार झाल्या, त्याच्याच परिसरांत ऐंशी वर्षांनीं हें नवें युग सुरू व्हावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जपानांत ती व तिचें यंत्र विक्रीस आलें. हिला कांहींच स्पर्श करीत नाहीं, तेव्हां ही अक्षय टिकणार, असा बोलबाला सर्वत्र झाला. आणि अक्षय वस्तु जपण्याची गरज काय, असें समजून आम्हीं ती वेष्टनाबाहेर कोठेंही टाकूं लागलों.

आतां तिची रचना पाहूं. ही तबकडी बारा सेंटिमीटर रुंद व १.२ मिलिमीटर जाड असते. जाडीचा बहुतेक भाग पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या वरच्या अंगास अतिसूक्ष्म खळगे असून त्यांवर ॲल्युमिनियमचा आरशासारखा थर दिलेला असतो. त्या थरावर केवळ पातळसें रोगण असतें व रोगणावर नांवाची छपाई. खळग्यांची ओळ मध्यापासून बाहेर सर्पिल गतीनें जाते. तिच्या लगतच्या दोन फेऱ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका केसाच्या जाडींत असे चाळीसेक फेरे मावतील. ती ओळ उलगडली तर पांच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल.

यंत्रांतील लेसरचा किरण खालून येतो. तबकडींत शिरतांना तो सुमारें पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि जाडींतून जातां जातां निमुळता होऊन खळग्यांवर टेंकतो. खिडकीच्या कांचेवर धुळीचा कण असला, तरी बाहेरील झाड पाहणाऱ्यास तो जाणवत नाहीं. त्याचप्रमाणें खालच्या पृष्ठावरील बारीक चरा त्या रुंद किरणास फारसा अडवीत नाहीं. ओरखड्यापासूनचें हें पहिलें संरक्षण होय.

दुसरें संरक्षण गणिताचें आहे. अमेरिकेंतील अर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन या दोघांनीं १९६० सालीं अवघ्या पांच पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील युक्तीचें मूळ मी वर्गांत मुलांना सांगत असें त्या पद्धतीनें सांगतों. पाटीवर पांच आंकडे लिहावे व खालीं त्यांची बेरीज मांडावी. पांचांपैकीं एखादा आंकडा पुसला गेला, तर बेरजेवरून तो पुन्हां काढतां येतो. रीड व सॉलोमन यांच्या पद्धतींत अशा तपासणीच्या संख्या अनेक असतात व त्यांची रीत बेरजेहून पुष्कळ सूक्ष्म आहे. सी. डी. वर माहितीच्या दर चोवीस अंशांमागें आठ अंश केवळ तपासणीचे ठेविलेले आहेत. शिवाय माहिती सलग न लिहितां ती दूरदूर विखरून लिहिलेली असते. एका पत्रांतील एकेक शब्द वर्गांतल्या निरनिराळ्या मुलांच्या पाट्यांवर लिहावा, म्हणजे एक पाटी फुटली तरी प्रत्येक वाक्यांतील एखादाच शब्द जातो व संदर्भानें तो भरून काढतां येतो, तसाच हा प्रकार. त्यामुळें ओळीच्या दिशेनें सुमारें अडीच मिलिमीटर भाग सलग नाहींसा झाला, तरी यंत्र तो अचूक भरून काढतें. सारांश, ज्यांनीं ही तबकडी निर्माण केली, त्यांनीं ती अक्षय आहे असें कधींच गृहीत धरलें नव्हतें. ओरखडा पडणारच, हें मनांत धरूनच त्यांनीं तिची योजना केली.

यावरून पुसण्याचा नियम आपोआप निघतो. मध्यापासून कडेकडे सरळ गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यास केवळ आपल्या रुंदीएवढाच तोडतो, आणि तेवढी तूट गणित भरून काढतें. पण गोल फिरलेला चरा एकाच ओळीवर लांबवर पसरतो व तपासणीच्या संख्याही त्यापुढें हात टेंकतात. म्हणून तबकडी नेहमीं मध्यापासून कडेकडे पुसावी; गोल गोल कदापि पुसूं नये.

तबकडी अडूं लागल्यास आधीं ती स्वच्छ पाण्यानें, फार तर सौम्य साबणाचा थेंब घेऊन, धुवावी व मऊ सुती कापडानें टिपावी. पुष्कळदां दोष ओरखड्याचा नसून बोटांच्या तेलकट डागांचा असतो. मग ती दुसऱ्या यंत्रांत लावून पाहावी, कारण एक यंत्र जेथें अडतें तेथें दुसरें निभावून नेतें. नंतर ती दिव्यासमोर धरावी. प्रकाश सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून आरपार दिसला, तर तेथील आरसाच गेला असें समजावें. त्यावर इलाज नाहीं. छिद्रें नसून खालीं केवळ चरे असतील, तर साधी पांढरी टूथपेस्ट ओल्या मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हातानें, मध्यापासून कडेकडे, कांहीं मिनिटें घांसावी व धुवून टाकावी. पेस्टमधील बारीक भुकटीनें चऱ्याच्या तीव्र कडा बोथट होतात, व किरण बाजूस फेंकला जात नाहीं. एवढ्यानें न भागल्यास व्हॅसलिनचा अगदीं पातळ हात देऊन पुसून घ्यावा. चरा तात्पुरता भरला जातो. मात्र हा उपाय एकदां वाजवून नक्कल करण्यापुरताच समजावा. पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचें द्रव्य लावूं नये. त्यांनीं प्लॅस्टिक बिघडतें. १९९६ पासून आलेल्या डी. व्ही. डी. मध्यें खळगे दोन पातळ चकत्यांच्या मध्यें असतात, म्हणून तिला हाच उपचार जपून चालतो. २००६ सालीं आलेल्या ब्लू-रे तबकडीचें आवरण मात्र एक दशांश मिलिमीटर जाडीचें व मुद्दाम कठीण केलेलें असतें. ती घांसूं नये. तडा गेलेली तबकडी तर यंत्रांत घालूंच नये.

येथें एक घरगुती गोष्ट सांगतों. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असूं, जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणे. २००३ सालीं ती भाऊबीजेस आली असतां भाच्यानें तिच्या ओव्या मुद्रित करून एका कोऱ्या तबकडीवर उतरवून दिल्या. पुढें अक्का गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशीं मीं ती तबकडी शोधून काढली, तों ती वेष्टनाविना टी. व्ही. च्या मागें पडलेली व खालून ओरखड्यांनीं भरलेली. तिसऱ्या ओवीपाशीं यंत्र अडलें. घाईघाईनें मीं ती हातरुमालानें गोल गोल पुसली, आणि ती आणखी अडूं लागली. मग माहीतगारांस विचारून वर सांगितलेले उपचार दोन संध्याकाळ केले. एकेक ओवी परत येऊं लागली. शेवटीं एकच ओवी राहिली. ती कांहीं केल्या लागेना. तबकडी दिव्यासमोर धरली, तेव्हां बारीक उजेड आरपार आला, तो मीं स्वतः बॉलपेननें वरच्या बाजूस ठसठशीत लिहिलेल्या ‘भाऊबीज’ या अक्षरांतून. ओरखडे खालीं पडतात म्हणून आपण खालची बाजू जपतों. पण तिला १.२ मिलिमीटरांचें कवच आहे, आणि वरच्या बाजूस केवळ रोगणाचा पापुद्रा. ती हरवूं नये म्हणून ज्या हातानें मीं नांव घातलें, त्याच हातानें ती ओवी पुसून टाकली होती. उरलेल्या ओव्यांच्या त्याच रात्रीं तीन नकला केल्या.

म्हणून आतां त्या पोथीप्रमाणें या तबकडीचीही विनंती आपल्या कानीं घालतों. तिला कडेनें व मध्याच्या छिद्रानें धरावें. वापर होतांच ती डबींत ठेवावी, व डबी उभी ठेवावी. वर लिहावयाचें तर मऊ टोंकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेननें मध्यावरील पारदर्शक कड्यावर लिहावें. चिकटपट्टी लावूं नये. घरीं भरलेल्या तबकडींत खळग्यांऐवजीं रंगद्रव्याचा थर असतो व तो उन्हानें विटतो, म्हणून तिला उन्हापासून आणि पावसाळी दमटपणापासून दूर ठेवावें.

इतकें करूनही ती अक्षय होणार नाहीं. ज्ञानेश्वरी हातोहात उतरत आली, तसे तिच्या पाठांत दोष शिरले. आणि एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, पाठ शोधून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकच प्रत असती आणि ती बिघडती, तर शोधन कशाचें करावयाचें होतें? पोथ्या टिकल्या त्या कागदाच्या बळावर नव्हेत, तर नकलांच्या बळावर. आपल्या कपाटांतील तबकडी आज वाजत असेल, तर तिची नक्कल आजच करावी. ती वाजविणारीं यंत्रेंही आतां घरोघरीं राहिलेलीं नाहींत, आणि गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हां मुद्रित करतां येत नाहीं.