मुक्या रोगाची मोजणी

गर्भिणीच्या आरोग्याचा इतिहास निघाला कीं सुशिक्षित वाचकांस प्रथम व्हिएन्नाच्या सेमेलवाइसची आठवण होते. १८४७ सालीं त्यानें डॉक्टरांस हात धुवावयास लावून बाळंतज्वराचे मृत्यु कमी केले, ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. पण तो ज्वर प्रसूतीनंतरचा. गर्भारपणांतच हुडहुडी भरून येणारा ताप, कुशींत उठणारी कळ आणि ओकाऱ्या, म्हणजे मूत्रपिंडाचा दाह, याची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. या दाहामुळें अपुऱ्या दिवसांचीं मुलें जन्मास आलीं, कित्येक माताही दगावल्या.

स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांच्या आसपास लांब असल्यामुळें आंतड्यांतील जंतु त्यांतून मूत्राशयांत सहज चढतात. १८८५ सालीं एशेरिख यानें अर्भकांच्या विष्ठेंत ज्या जंतूचें वर्णन केलें, तोच बहुधा येथील अपराधी. गर्भ राहिला म्हणजे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढतें गर्भाशय त्यांना, विशेषतः उजवीला, दाबतें; लघवी तुंबते आणि खालीं तळ देऊन बसलेल्या जंतूंना वरची वाट मोकळी होते. तळ देऊन बसलेले असें आम्ही मुद्दामच म्हणतों. बहुतेक स्त्रियांत ते गर्भधारणेच्या आधींपासूनच असतात. जळजळ नाहीं, ताप नाहीं, कांहीं तक्रारच नाहीं. मग त्यांचा पत्ता लागावा कसा?

हा प्रश्न बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनीं १९५० नंतरच्या दशकांत हातीं घेतला. लघवींत जंतु दिसले तरी ते मूत्राशयांतले कीं बाहेरच्या त्वचेवरचे, हें ओळखतां येत नसे. म्हणून स्त्रियांची लघवी नळी घालून काढण्याची रीत होती. आणि ती नळीच कधीं कधीं जंतु आंत नेई! १९५८ सालीं डॉ. पॉल बीसन यांनीं या नळीविरुद्ध लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. कॅस यांचा उपाय साधा होता. त्यांनीं जंतु मोजले. एका मिलिलिटरांत एक लाख किंवा अधिक भरले तर तो खरा संसर्ग, त्याहून फार थोडे असले तर बहुधा बाहेरची भेसळ. आतां नळीची गरज उरली नाहीं. अंग स्वच्छ करून, पहिली धार सोडून, मधली धार बाटलींत धरली कीं झालें.

हें माप घेऊन ते बॉस्टन सिटी हॉस्पिटलांतील गर्भवतींकडे वळले. शंभरांत सुमारें सहा जणींच्या लघवींत, कांहींएक तक्रार नसतां, जंतूंची ही भरती आढळली. कांहींना औषध दिलें, कांहींना नुसती पोकळ गोळी. पोकळ गोळी मिळालेल्यांपैकीं शेंकडा चाळिसांच्या आसपास जणींना पुढें मूत्रपिंडाचा दाह झाला. औषध मिळालेल्यांत तो जवळजवळ झालाच नाहीं. निष्कर्ष मोलाचा खरा, पण तें रुग्णालय गरिबांचें होतें, आणि पोकळ गोळीच्या वांट्यास आलेल्या त्या बायांचा विचार मनांतून जात नाहीं.

या उपायानें अपुऱ्या दिवसांचीं बाळंतपणेंही टळतील, ही कॅस यांची उमेद तितकीशी निर्विवाद ठरली नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या नेदरलंड्समधील अभ्यासांत तर उपचार न केलेल्यांतही मूत्रपिंडाच्या दाहाचें प्रमाण फारच अल्प दिसलें. तरीही जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं अशा गर्भवतीस सात दिवस जंतुनाशक औषध द्यावें अशी शिफारस केली, व परीक्षेसाठीं मधल्या धारेच्या लघवींतील जंतु वाढवून पाहण्याची रीतच श्रेष्ठ मानली. औषध मात्र गर्भास सोसणारें हवें. तें डॉक्टरांनींच निवडावें.

आमच्या घरांत अडचण निराळीच आहे. प्रवासांत सोय नाहीं म्हणून सून सकाळपासून पाणी पीत नाहीं, तासन्‌तास लघवी कोंडून ठेवते. जळजळ झाली तरी सासूस सांगणें जड, नवऱ्यास सांगणें त्याहून जड. गर्भ राहण्यापूर्वीं ही दुखणीं सांगून निस्तरलीं जावीं तीं अशीं राहून जातात. पुढें पहिल्या तपासणीस बाटली हातीं येते, तेव्हां ती पदराखालीं झांकून नेली जाते. आणि बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींपैकीं कोणी विचारलेंच, तर रक्त तपासावयास दिलें, एवढेंच सांगितलें जातें.