हलक्या धक्क्याचें काडतूस : मृगयेच्या साधनेतिहासांतील एक प्रकरण

शस्त्रांच्या इतिहासाकडे आपल्या संशोधकांचें लक्ष गेलेलें नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. तलवारी, पट्टे, जंबुरे, तोड्याच्या बंदुका यांच्या याद्या झाल्या आहेत. दप्तरांतून दारूगोळ्याचे हिशेबही बाहेर आले आहेत. परंतु बंदुकीच्या पोटांत जाणारी जी वस्तु, म्हणजे काडतूस, तिची गणना इतिहासाच्या साधनांत क्वचितच केली जाते. तो शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेंतून आला, आणि येथेंच इतका रुळला कीं त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानांतही राहिलें नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं काडतुसाच्या इतिहासांतील एकच प्रश्न विचारास घेतला आहे. तो असा : हरणाच्या शिकारीसाठीं जड धक्क्याची बंदूक श्रेष्ठ, ही समजूत पुराव्यास उतरते काय? आणि उतरत नसेल, तर हलक्या धक्क्याचें काडतूस कसें निवडलें व कसें भरलें गेलें?

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, हा विषय आपल्या देशांत आतां केवळ ऐतिहासिक आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं येथील मृगया संपली, आणि तें योग्यच झालें. अमेरिकेंत व युरोपांत मात्र हरणांची संख्या मर्यादेंत ठेवण्यासाठीं ती कायद्याच्या चौकटींत चालू आहे. म्हणून आमचे पुरावेही मुख्यतः तिकडचेच आहेत.

काडतुसाचीं अंगें चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. दारू व गोळी यांचीं वजनें ग्रेनमध्यें देण्याचा प्रघात आहे. आमच्या वाचकांस हें माप अपरिचित नाहीं. कारण इंग्रजी अमलांतील प्रमाण तोळा बरोबर १८० ग्रेनांचा, आणि मासा १५ ग्रेनांचा. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील आंकडे नाणीं तोलणाऱ्यास सहज उमगतील.

अमेरिकेच्या सैन्यानें १८७३ सालीं जें .४५-७० नांवाचें काडतूस स्वीकारलें, त्यांत ७० ग्रेन काळी दारू व ४०५ ग्रेनांची, म्हणजे सव्वादोन तोळ्यांची, शिशाची गोळी असे. पायदळाच्या लांब बंदुकींत तें चाले. घोडेस्वाराच्या आंखूड व हलक्या बंदुकींत मात्र त्याचा धक्का सोसेना. तेव्हां त्याच गोळीमागें ५५ ग्रेनच दारू भरून स्वारांसाठीं निराळें काडतूस काढण्यांत आलें. धक्का कमी करण्यासाठीं दारू कमी करण्याची युक्ति ही अशी जुनी व सरकारी आहे. ती कोणा नाजूक शिकाऱ्याची हौस नव्हे.

धक्का म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. गोळी व दारूचा वायु पुढें जातात, तितक्याच संवेगानें बंदूक मागें येते. गोळीचें वजन व वेग, दारूचें वजन आणि बंदुकीचें वजन हे त्याचे घटक. ८ पौंडांच्या बंदुकींतून .३०-०६ या काडतुसाची एक तोळ्याची गोळी सेकंदास २,७०० फूट वेगानें सोडली, तर धक्क्याची शक्ति गणितानें सुमारें २२ फूट-पौंड येते. त्याच वजनाच्या बंदुकींतून ७ मिलिमीटरची १४० ग्रेनांची गोळी सोडल्यास ती सुमारें साडेतेरा, आणि .२४३ ची १०० ग्रेनांची गोळी सोडल्यास सुमारें साडेदहा भरते. काडतूस तेंच ठेवून बंदूक ८ पौंडांऐवजीं ६ पौंडांची घेतली, तर धक्का एक-तृतीयांशानें वाढतो. यावरून उघड होतें कीं, हलकी बंदूक व जड काडतूस ही जोडी सर्वांत वाईट.

धक्क्याचा खरा दोष खांद्यास होणाऱ्या वेदनेंत नाहीं; तो त्या वेदनेच्या अपेक्षेंत आहे. घोडा ओढण्याच्या क्षणीं डोळे मिटतात, खांदा आखडतो, आणि गोळी हृदयाऐवजीं पोटांत किंवा पायांत जाते. हें मर्म आपल्या प्राचीनांस ठाऊक होतें. वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंत असा अभिप्राय आहे कीं, धनुष्याच्या ताणानें पीडलेल्या धनुर्धरास लक्ष्य दिसत नाहीं. म्हणून प्रत्येकानें आपल्या बळाच्या मानानें धनुष्य घ्यावें. धनुष्याच्या जागीं बंदूक घातली म्हणजे प्रस्तुत लेखाचा सिद्धान्त तोच होतो.

१८८४ सालीं फ्रान्समध्यें पोल व्येय यानें धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत सर्व हिशेब बदलला. थोड्या दारूंत अधिक वेग मिळूं लागला. त्यामुळें गोळी बारीक व हलकी करतां आली. १८९३ सालीं स्पेननें स्वीकारलेलें मौझरचें ७ × ५७ हें काडतूस या नव्या युगाचें उत्तम उदाहरण होय. क्यूबांत १८९८ सालीं अमेरिकनांस, आणि १८९९ ते १९०२ च्या युद्धांत इंग्रजांस बोअरांकडून, त्याचा कडवट अनुभव आला. लंडनच्या रिग्बी यांनीं तेंच काडतूस .२७५ या नांवानें शिकाऱ्यांस दिलें. आपल्याकडे त्याची एक प्रसिद्ध खूण आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांच्याकडून जी बंदूक भेट मिळाली, ती याच जातीची.

तथापि बारीक गोळीनें एक नवा प्रश्न उभा केला. टणक धातूच्या वेष्टणाची गोळी शरीरांतून सरळ आरपार जाई व लहान भोंक पाडी. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रज अधिकाऱ्यांनीं हीच तक्रार केली, आणि कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं टोंकाचें वेष्टण काढून, आघातासरशी पसरणारी गोळी तयार केली. १८९९ च्या हेग येथील परिषदेनें अशा गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. परंतु इंग्लंड व वेल्ससाठीं १९६३ सालीं झालेल्या हरिण-कायद्यानें शिकारींत मृदु किंवा पोकळ टोंकाचीच गोळी वापरावी, असा दंडक घातला! जी गोळी माणसावर क्रौर्य म्हणून वर्ज्य, तीच हरणावर दया म्हणून विहित. यांत विसंगति भासली तरी ती नाहीं. युद्धांत शत्रूस निकामी करणें पुरेसें असतें. मृगयेंत प्राण्यास तत्क्षणीं मरण येणें हेंच कर्तव्य. हलक्या गोळीची योग्यता तिच्या वजनापेक्षां तिच्या बांधणीवर अवलंबून असते, हा बोध यांतूनच निघतो. १९४८ सालीं जॉन नॉस्लर यांनीं मधोमध धातूचा पडदा असलेली गोळी बाजारांत आणली. तिचा पुढचा भाग पसरतो व मागचा भाग अभंग राहून खोल जातो. अशा गोळीनें हलक्या काडतुसाची मोठी उणीव भरून निघाली.

अमेरिकेंतील पुढचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. १९१५ सालीं सॅव्हेज कारखान्यानें चार्ल्स न्यूटन यांच्या रचनेचें .२५० चें काडतूस काढलें. न्यूटन यांचा आग्रह १०० ग्रेनांच्या गोळीचा होता; पण सेकंदास ३,००० फूट हा जाहिरातीस शोभणारा आंकडा गांठण्यासाठीं कारखान्यानें ती ८७ ग्रेनांवर आणली. १९३४ सालीं रेमिंग्टननें मेजर नेड रॉबर्ट्स यांच्या नांवाचें .२५७ बाजारांत आणलें. ती मूळ मौझरचीच ७ × ५७ ची पुंगळी, तोंडाशीं आवळून बारीक केलेली. १९५५ सालीं तर एकाच वर्षांत दोन भावंडें जन्मलीं : विंचेस्टरचें .२४३ आणि रेमिंग्टनचें .२४४. दोहोंची गोळी एकाच जाडीची. पण विंचेस्टरच्या नळींतील पीळ १० इंचांत एक फेरा घेई, म्हणून ती १०० ग्रेनांची गोळी स्थिर ठेवी. रेमिंग्टनचा पीळ १२ इंचांत एक, म्हणून ती ९० ग्रेनांपर्यंतच्या गोळीसाठीं योजलेली. हरणास १०० ग्रेनांची गोळी हवी, असा गिऱ्हाइकांचा निर्णय झाला व .२४४ मागें पडलें. १९६३ सालीं रेमिंग्टननें पीळ ९ इंचांवर आणून त्यास ६ मिलिमीटर हें नवें नांव दिलें. पण गेलेला मान पुरता परत आला नाहीं. तात्पर्य, काडतूस निवडणाऱ्यानें नळीवरील आंकडा वाचून थांबूं नये. पीळ व गोळी यांचा मेळ पाहावा.

आतां काडतूस घरीं भरण्याविषयीं. रिकामी पुंगळी पुनः पुनः वापरतां येते, ही गोष्ट गेल्या शतकापूर्वींच सर्वश्रुत होती. १८८४ च्या सुमारास जॉन बार्लो यांच्या आयडियल कारखान्यानें अडकित्त्यासारखें एक हातहत्यार व त्यासोबत माहितीपुस्तकें प्रचारांत आणलीं. १९२५ सालीं तो कारखाना लायमन यांनीं घेतला. कृति दिसण्यांत सोपी : जुनी टोपी काढावी, पुंगळी सांच्यांत घालून मूळ आकारास आणावी, लांबी तपासावी, नवी टोपी बसवावी, दारू तराजूनें तोलून घालावी, आणि ठरलेल्या खोलीवर गोळी बसवावी. यांत शिकाऱ्याचा लाभ असा कीं, कारखान्याच्या भरपूर दारूऐवजीं आपल्या खांद्यास व आपल्या रानांतील अंतरास पुरेल तेवढीच दारू त्यास भरतां येते.

परंतु दारू कमी म्हणजे भय कमी, असें समजणें घातक होय. सावकाश जळणाऱ्या दारूचा अगदीं थोडा भाग मोठ्या पुंगळींत आडवा पसरला, तर क्वचित् दाब एकाएकीं भयंकर चढून बंदूक फुटते. कारणाविषयीं तज्ज्ञांत वाद असला तरी परिणामाविषयीं नाहीं. उलट फार लवकर जळणारी दारू घेतली, तर ती पुंगळींत इतकी थोडी दिसते कीं चुकून दुप्पट पडली तरी कळत नाहीं. आणि अतिशयच कमी पडली, तर गोळी नळींत अडकून राहते व पुढचा बार हातावर उलटतो. म्हणून मध्यम गतीची व कमी मात्रेंतही शांतपणें पेटणारी दारू लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनीं सैन्याची उरलेली ४८९५ ही दारू विकण्यास घेतली. तिचीच आजची वंशज एच. ४८९५ या कामीं मान्य आहे. या दारूचें जें कमाल प्रमाण छापील कोष्टकांत असेल, त्याच्या शेंकडा ६० पर्यंत खालीं यावें, त्याहून खालीं जाऊं नये, असा विक्रेत्यांचाच नियम आहे. तो त्या दारूपुरता. इतर दारूस लावूं नये.

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, हलकें काडतूस म्हणजे जखमी प्राणी सोडून देणें. आक्षेप निराधार नाहीं. उलट बाजूनें डब्ल्यू. डी. एम. बेल यांचा दाखला नेहमीं देण्यांत येतो, कारण त्यांनीं याच ७ मिलिमीटरनें आफ्रिकेंत शेंकडों हत्ती मारले. हा दाखला आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. बेल हे हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून मेंदूवरच नेम धरणारे असामान्य नेमबाज. त्यांची गोळी न पसरणारी. एका सिद्धपुरुषाच्या चमत्कारावरून सर्वसामान्यांसाठीं विधि ठरत नसतो. त्यापेक्षां वर सांगितलेला १९६३ चा कायदा अधिक उपयुक्त. त्यानें नळीची जाडी किमान.२४० इंच व तोंडाशीं गोळीची शक्ति किमान १,७०० फूट-पौंड ठरविली. याचा अर्थ असा कीं, .२४३ चें पूर्ण भरलेलें काडतूस तेथें चालतें, पण त्यांतील दारू फार घटविली तर तेंच बेकायदा ठरूं शकतें. हलकेपणास खालची मर्यादा आहे, आणि ती शिकाऱ्याच्या सोयीनें नव्हे, तर प्राण्याच्या मरणावरून ठरते. अंतर कमी, गोळी उत्तम बांधणीची, नेम हृदय-फुप्फुसांवर, आणि धक्का सोसणारा खांदा. या चारांची सांगड बसली तरच हलकें काडतूस श्रेष्ठ, नाहीं तर तें क्रूर.

शेवटीं, हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या बंधूंस एक विनंति. जुन्या शिकारी घराण्यांच्या कागदांत बंदुकांच्या याद्या, काडतुसांच्या पेट्यांवरील चिठ्ठ्या, दारूच्या प्रमाणांच्या वह्या सांपडल्या, तर त्या रद्दींत टाकूं नयेत. पुंगळीच्या बुडावरील अक्षरें हीं त्या वस्तूचा शिलालेखच होत. कारखाना व जात त्यांवरून कळते. भरलेलें काडतूस मात्र परवान्यावांचून बाळगणें १९५९ च्या शस्त्र कायद्यानें गुन्हा आहे. तें सरकारांत कळवावें. आणि त्या वह्यांतील प्रमाणें इतिहास म्हणूनच वाचावींत. एच. ४८३१ आणि आय. एम. आर. ४८३१ या दोन दारूंचा आंकडा एक, पण जळण्याची गति भिन्न. नकलकारानें पुढचीं अक्षरें गाळून नुसतें ४८३१ लिहिलें, तर कोणती दारू अभिप्रेत होती हें नंतर कोण सांगणार? काव्याच्या पोथींत असा पाठ भ्रष्ट झाला तर अर्थ बिघडतो. येथें तोच भ्रष्ट पाठ वाचणाऱ्याच्या हाताशीं फुटतो. पाठशुद्धीचा आग्रह आपण ज्या कारणासाठीं धरतों, त्याचें याहून रोखठोक समर्थन आम्हांस दुसऱ्या कोणत्याही साधनांत आढळलेलें नाहीं.