सरकार मोठे झाले की राष्ट्र बुडते का? विदर्भाच्या कापसाची साक्ष

१/ अर्थकारणात सरकारचा हात जितका लांब, तितकी राष्ट्राची अधोगती जवळ, असे एक मत जगभर मांडले जाते. त्याच्या पुराव्यासाठी बहुधा सोव्हिएत रशियाकडे बोट दाखवले जाते. पण याच प्रश्नाची कसोटी नागपूरच्या भोवतालच्या काळ्या मातीत तीस वर्षे लागली होती. तिचे नाव कापूस एकाधिकार खरेदी योजना.

२/ आधी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवीमुळे तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात सुरू झाली. कापूस हे विदर्भाचे नगदी पीक ठरले.

३/ पण भाव ठरवणारा शेतकरी नव्हता. सावकाराचे देणे डोक्यावर असल्याने वेचणी होताच, म्हणजे भाव सर्वांत पडलेले असताना, त्याला माल विकावा लागे. त्यात मापात घट आणि अडत्याची कपात. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि व्यापाराला नियम लागले. येथे सरकारची भूमिका पंचाची होती. खरेदीदार मात्र अनेकच राहिले.

४/ स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतःच मैदानात उतरले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री यांसंबंधीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून तो अमलात आला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. आता राज्यात शेतकऱ्याचा कापूस घेण्याचा अधिकार एकट्या सरकारी यंत्रणेला उरला.

५/ हेतू निर्मळ होता. हमीभाव द्यायचा, मधला दलाल काढायचा, सरकी व रुई सरकारने विकायची. नफा झाला तर शेतकऱ्याला बोनस, आणि त्यातला काही भाग किंमत चढउतार निधीत. चांगल्या वर्षाची शिदोरी वाईट वर्षाला पुरावी, ही कल्पना. सुरुवातीच्या वर्षांत असंख्य कुटुंबांना या योजनेचा खरा आधार मिळाला.

६/ पहिली भेग पडली ती भाव ठरवण्याच्या पद्धतीत. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, ते बहुधा डिसेंबरात. तोच कापसाच्या हंगामाचा ऐन बहर. बाहेर मोर्चे, आत गोंधळ, आणि मागणी एकच : भाव वाढवा. केंद्राच्या हमीभावावर राज्याने अग्रिम अधिमूल्य देण्याची प्रथा पुढे रुजली. भाव रुईच्या बाजाराकडे पाहून ठरेनासा झाला, तो मतांकडे पाहून ठरू लागला.

७/ दुसरी भेग सीमेवर होती. एकाधिकार महाराष्ट्रापुरता, पण कापसाला राज्याची सीमा कळत नाही. येथला भाव चढा असला की मध्य प्रदेश आणि आंध्रातला माल चोरवाटेने आत येई. बाहेरचा भाव चढा असला की येथला माल रातोरात बाहेर जाई. म्हणजे तोट्याच्या वर्षी सरकारच्या गळ्यात जास्त कापूस पडे आणि नफ्याच्या वर्षी कमी. योजनेचे गणितच उलटे झाले.

८/ तिसरी भेग शेतकऱ्याला रोज दिसत होती. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद, महिनोन्महिने थकलेले चुकारे. त्यातूनच सहकारी कर्जाची वसुली परस्पर होई. एरवी एका व्यापाऱ्याने नाडले तर दुसऱ्याचे दार ठोठावता येते. येथे दुसरे दारच नव्हते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने खुल्या बाजाराचा आग्रह धरला, त्याच्या मुळाशी हीच घुसमट होती.

९/ १९९५ च्या सुमारास जगात कापसाचे भाव शिखरावर होते. २००१ च्या अखेरीस ते कित्येक दशकांच्या नीचांकावर आले. चढउतार निधी केव्हाच आटला होता. संचित तोटा राज्याच्या तिजोरीवर बसला. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला.

१०/ येथेच थांबले तर निष्कर्ष सोपा आहे : सरकार आले आणि सारे बुडाले. पण याच राज्याने, याच मुख्यमंत्र्यांच्या काळात, याच १९७२ मध्ये आणखी एक अवाढव्य सरकारी योजना राज्यभर हाती घेतली. ती रोजगार हमी योजना. तिचे शिल्पकार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे.

११/ तिचा आवाका लहान नव्हता. काम मागेल त्याला काम, आणि पुढे १९७७ च्या कायद्याने तो हक्कच झाला. तिच्यातही गैरव्यवहार झाले, कामे रेंगाळली. तरीही ती टिकली, आणि २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा तिच्याच पायावर उभा राहिला.

१२/ मग फरक कुठे होता? एक, रोजगार हमीला पैशाचा ठरलेला झरा होता : १९७५ पासूनचा व्यवसाय कर आणि तेवढाच राज्याचा वाटा. कापसाचा तोटा कोण भरणार, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते. दोन, रोजगार हमीवर येण्याची सक्ती नव्हती. शेजारच्या शेतात बरी मजुरी मिळाली की मजूर तिकडे जाई. कापूसवाल्याला ती मोकळीक नव्हती.

१३/ एकाधिकार गेल्यावर तरी विदर्भ सावरला का? कोरडवाहू शेती तशीच राहिली, बियाण्याचा व औषधाचा खर्च वाढला, सावकार परतला. शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी नागपुरात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. सरकार मागे सरले होते, पण त्याने सोडलेली जागा कोणी भरली नव्हती.

१४/ शिवाय ज्या जागतिक बाजारात हा शेतकरी एकटा उतरला, तो खुला नव्हताच. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत होते. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि तो जिंकला. म्हणजे भाव पाडण्यातही एका मोठ्या सरकारचाच हात होता.

१५/ म्हणून विदर्भाची साक्ष दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. सरकार केवढे आहे, हे विचारून फारसे हाती लागत नाही. त्याने नागरिकाला दुसरे दार उघडे ठेवले आहे का, आणि आजच्या आश्वासनाचा उद्याचा खर्च कोण उचलणार हे लिहून ठेवले आहे का, हे विचारावे लागते. कापूस योजनेत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ होते. त्याची किंमत मात्र ज्याच्यासाठी ती योजना आखली, त्यालाच मोजावी लागली.