जुन्या बुलेटचे मागचे शॉकॲब्सॉर्बर

१/ बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. पुढे त्याच वाटेने लोणावळ्याकडे मोटारसायकली चढू लागल्या, तेव्हा बहुतेकींचे मागचे चाक चौकटीला जखडलेले असे. हादरे झेलत त्या सीटखालच्या स्प्रिंगा.

२/ १९४९ च्या रॉयल एनफील्ड बुलेटने मागे स्विंगआर्म व तेलाचे शॉकॲब्सॉर्बर आणले. १९५५ पासून ती मद्रासमध्येही तयार होऊ लागली.

३/ ते बदलताना प्रथम मूळ लांबी जुळवावी. लांबी वाढली की मागची बाजू उचलली जाते, हँडल चंचल होते. मग वजनानुसार स्प्रिंग निवडावी. स्प्रिंग हादरा झेलते, तेल तिची उसळी शमवते. तेल गळले, तर मावळच्या पावसात वळणावर चाकाची पकड सुटू शकते.

४/ म्हणून गळके मूळ शॉकॲब्सॉर्बर कपाटात जपावेत; घाट मात्र नव्यांवर उतरावा.